पायवाटेकडे तोंड केलेली खिडकी

मित्रांनो, तुम्ही कधी सात नंबरच्या खोलीत उतरलात, तर आधी गादी दाबून बघाल, मग नळ सोडून पाणी किती गरम येते ते पाहाल, आणि मग हसतमुखाने माझ्याकडे याल. माझी दोन्ही दारे उघडाल आणि हिरमुसाल. कारण बाकीच्या सहा खोल्यांतून दिसते ते बर्फाचे शिखर माझ्यातून दिसत नाही. माझ्यातून दिसते एक पायवाट, एक ओढा आणि एक वळण. मी एक जुनी खिडकी आहे. हिरमुसू नका. जरा बसा. पहाडात घाई कशाला?

मी खिडकी होण्याआधी पूल होते. खाली ओढ्यावर तीन फळ्यांचा लाकडी पूल होता, त्यातली मधली फळी मी. माझ्यावरून माणसे गेली, मेंढ्या गेल्या, डोक्यावर भारे घेतलेल्या बाया गेल्या. पुढे दगडी पूल झाला आणि मला उचलून वर आणले. सुतारबाबांनी माझ्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "या लाकडाला माणसाच्या पावलांची सवय आहे. याचे पाट करू नका, दार करू नका. याला कुठंतरी उभं करा, जिथून वाट दिसेल." ते आपले लाकडाशी बोलावे तसे बोलले. ऐकायला तिथे कोणीच नव्हते. पण मला वाटते, बोललेले वाया जात नाही. कोणीतरी वर बसून ऐकत असतो आणि वहीत नाही तरी मनात टिपून ठेवतो.

माझी तावदाने खालच्या शहरातून खेचराच्या पाठीवरून आली, वाळक्या गवतात गुंडाळून. आठांपैकी सात नितळ होती. आठव्यात, डावीकडच्या अगदी खालच्या तावदानात, हवेचा एक बुडबुडा अडकलेला होता, वाटाण्याएवढा. त्याला डोळा लावला की सगळी पायवाट पाण्याखाली असल्यासारखी हलते आणि लांबचा माणूस झोपेतल्या माणसासारखा तरंगत येतो. सुतारबाबा ते तावदान परत पाठवणार होते. पण खेचरवाला म्हणाला, "बाबा, एका काचेसाठी माझं जनावर पुन्हा चढणार नाही. आणि मी तर नाहीच नाही." म्हणून ते राहिले.

आता माझी माणसे सांगते.

घर आत्याचे. दगडी, ऐसपैस, वाऱ्याला न जुमानणारे. आत्या तिथे एकटी राहायची. तिची दोन भाचरे, ताई आणि तिचा धाकटा भाऊ, लहानपणी सुट्टीला यायची. मोठी झाली तशी ताई शहरातल्या बड्या हॉटेलात कामाला लागली, आणि भाऊ जमिनी मोजण्याचे काम करू लागला. एक दिवस ताईच्या मनाने घेतले की आत्याचे घर हे छोटे हॉटेल करायचे. सातच खोल्या, सातही वेगळ्या. एकीत निळी रजई, एकीत दगडी चूल, एकीत छताला काच, म्हणजे पडल्या पडल्या तारे मोजता यावेत. भाऊ नकाशे काढणार, ताई चालवणार. आत्याला विचारले तर ती म्हणाली, "घरात माणसं येणार असतील तर त्याला काहीही म्हणा."

सातवी खोली सगळ्यांत खास होणार होती. घराच्या टोकाला, वरच्या मजल्यावर पूर्वी गवताचा माळा होता. त्याला बाहेरच्या दोन भिंती, पण खिडकी एकही नाही. शिखर कुठल्या भिंतीतून दिसेल ते सांगणे अवघड, कारण डोंगराची एक सोंड मध्ये येते. या भिंतीतून बघितले तर सोंडेच्या वरून शिखर दिसेल, त्या भिंतीतून बघितले तर नुसती सोंडच. आणि नेमके तेव्हाच धुके उतरले. थोडेथोडके नाही, बावीस दिवस. अंगणातला माणूस अंगणात दिसेना. गवंडी रोज उठून म्हणायचा, "साहेब, बर्फ पडायच्या आत मला खाली उतरायचंय. भोक कुठं पाडू ते सांगा, नाहीतर दोन्हीकडं पाडतो." ताई त्या आठवड्यात गाद्या निवडायला शहरात गेलेली.

मग भाऊने आत्याचा हात धरून तिला माळ्यावर आणले. "आत्या, तू लहानपणी इथंच झोपायचीस ना?"

"झोपायचे की. दगड निसटलेली एक फट होती. तिला डोळा लावून बसायचे तासन् तास."

"मग सांग, इथून सगळ्यांत बघण्यासारखं कुठल्या बाजूला?"

आत्याने क्षणभरही विचार केला नाही. तिने बोट दाखवले. गवंड्याने तिथे खडूने चौकोन काढला, आणि दोन दिवसांत मी त्या भिंतीत उभी राहिले. देवाला हात जोडून गवंडी डोंगर उतरला.

तेविसाव्या दिवशी धुके फिटले. ताई परत आली होती. सगळ्यांनी सातही खोल्यांच्या खिडक्या एकेक करून उघडायचे ठरवले. सहा खोल्यांतून एकापाठोपाठ एक आवाज आले. "अगं बाई!" "बघा बघा!" आणि सातव्या खोलीत सगळे माझ्यापुढे गप्प उभे राहिले. समोर पायवाट होती.

पहिला बोलला तो स्वयंपाकी. त्याचे खरे नाव कोणाला ठाऊक नाही. हाक मारली की तो "आलोच!" म्हणतो आणि येत नाही, म्हणून त्याला सगळे आलोचच म्हणतात. तो म्हणाला, "चांगलंय की. पाहुणे येताना लांबूनच दिसतील. मला पळून जायला वेळ मिळेल."

कोणी हसले नाही. भाऊने आत्याकडे पाहिले. ती माझ्या चौकटीला हात लावून पायवाटेकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असे काही समाधान होते की भाऊ काही बोललाच नाही. चूक कुणाची असे ताईने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "माझी. माझंच मोजमाप चुकलं."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी घरातली चूक झाले. तुम्हाला कोणी चूक म्हणून हाक मारली आहे का? तेव्हा अंगावरचा रंगही जड होतो.

हॉटेल चालू झाले. पाहुणे येऊ लागले. सहा खोल्या भरायच्या, सातवीवरून कुरबुर व्हायची. "डोंगरात येऊन पायवाट बघायची?" असे एका जोडप्याने अभिप्रायाच्या वहीत लिहिले. ताई ती ओळ रोज वाचायची. दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी, न्याहारीच्या वेळी, दोन पाहुण्यांनी खोली बदलून मागितली. खोली शिल्लक नव्हती. ताईचा तोल गेला. सगळ्यांच्या देखत ती भावाला म्हणाली, "दुनियेच्या जमिनी मोजतोस, आणि तुला एवढा मोठा डोंगर सापडला नाही!"

भाऊने आपला कप विसळला, फळीवर उपडा ठेवला, टोपी घातली आणि निघाला.

पुढचे फक्त मी पाहिले. वळणावर एक सपाट दगड आहे. तिथे जाऊन तो बसला. एकदा वर बघितले, पुन्हा बघितले. ऊन दगडावरून सरकून ओढ्यात गेले तरी तो बसला होता. लहानपणी रुसला की तो असेच करायचा, वळणापर्यंत जायचा आणि वाट बघायचा. मग ताई आरशाचा तुकडा घेऊन यायची आणि त्याच्या डोळ्यांवर उन्हाचा कवडसा मारायची. तो हसायचा आणि परत यायचा. पण त्या दिवशी ताई स्वयंपाकघरात पाठ फिरवून कांदे चिरत होती, आणि आत्याला दुपारचा डोळा लागला होता. माझ्यात कोणीच उभे नव्हते. शेवटी तो उठला आणि वळणाआड गेला.

हाक मारायला मला तोंड नाही. हे दुःख दगडाला नसते, पाण्याला नसते. खिडकीला असते.

आत्याला वाईट वाटू नये म्हणून ताईने सांगितले, भाऊला शहरात मोठे काम लागले आहे. आत्या म्हणाली, "बरं झालं. सुट्टी मिळाली की येईल."

मग सातवी खोली अडगळीची झाली. जास्तीच्या गाद्या माझ्या अंगाला टेकवून रचल्या. काचा बसवायला लावलेली माझी लांबी सुकून भुगा झाली, कडी गंजली, आणि बुडबुड्याच्या तावदानावर एका कोळ्याने शांतपणे संसार थाटला. दीड वर्ष मी गादीचा कापूस बघितला. तेव्हा मला स्वप्ने पडायची. मी पुन्हा पूल झाले आहे, खाली पाणी बोलते आहे, आणि कोणीतरी माझ्यावरून चालत येत आहे, येत आहे, आणि पोचत मात्र नाही.

मला सोडवले आत्याने. एक दिवस ती जिना चढून वर आली आणि म्हणाली, "मला ही खोली हवी. माझी लहानपणची आहे." गाद्या निघाल्या. तिने कोळ्याला कागदावर घेऊन बाहेर सोडले आणि ओल्या फडक्याने माझे एकेक तावदान पुसले. त्या दिवसापासून तो तिचा नेम झाला. पहाटे अंघोळ, देवाचे नाव, मग माझी आठ तावदाने, मग चहा. ताप असला तरी चुकले नाही. मित्रांनो, कुणी तुम्हाला रोज त्याच वेळी, त्याच मायेने स्पर्श केला, तर तुम्ही लाकूड राहत नाही. तुम्हाला हळूहळू जीव यायला लागतो.

आणि आत्या वाट बघायला बसली. सुट्टी मिळालेला माणूस कधीही येऊ शकतो, म्हणून रोज. तो काही आला नाही, पण बाकी सगळे आले. पहाडात गाडी खालच्या पुलापर्यंतच येते. तिथून वर यायला पाऊण तास. एवढ्या वेळात आत्या माणूस वाचायची, आणि जिन्यातून खाली सांगायची.

"आलोच! चार जण येताहेत. म्हातारीचे गुडघे धरलेत, तिला खालची खोली दे. मुलगी रुसलीये, तिला काहीतरी गोड ठेव."

"आलोच!"

"येऊ नकोस, नुसतं पाणी तापव!"

पाहुणे दारात पोचायचे तोवर पाणी तापलेले, चूल पेटलेली, म्हातारीसाठी खुर्ची बाहेर काढलेली. ओल्या बुटांच्या माणसाला कोरडे मोजे मिळायचे आणि भांडत आलेल्या नवराबायकोला खिडकीपाशी एकच बाक. न सांगता या लोकांना कळते कसे, याचे सगळ्यांना नवल वाटायचे. अभिप्रायाच्या वहीत शिखराबद्दल लिहिणे कमी झाले. "आम्ही पोचण्याआधीच आम्हाला कोणीतरी ओळखत होते," असे कितीतरी जणांनी लिहिले. ते वाचून ताई म्हणायची, "आपले लोक तयार झाले आता." माझे नाव कोणी घेतले नाही. घ्यावे असे मलाही वाटले नाही. पुलाचे तरी कोण नाव घेते?

पण डोळ्यांनाही वय असते. भाऊ गेल्यापासून सहाव्या वर्षी आत्या एकदा ओरडली, "दोन माणसं, एक फार दमलाय, अंघोळीचं पाणी ठेवा!" आलोचने दोन बादल्या पाणी तापवले. वर आला तो खेचरवाला आणि त्याचे खेचर.

"कुणाला आधी घालू?" आलोचने विचारले.

"जो जास्त वास मारतो त्याला," आत्या म्हणाली, आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. ताई मात्र हसली नाही. तिला कळले होते.

पुढच्या वर्षी एक सल्लागार आला. नवे बूट करकरत सातही खोल्यांतून फिरला. माझ्यापुढे येऊन म्हणाला, "ताई, अशा हॉटेलात एक खोली अशी लागते, जिच्यासाठी लोक वर्षभर थांबतात. तुमची ती हीच. ही खिडकी बुजवा. शेजारच्या भिंतीत जमिनीपासून छतापर्यंत काच लावा. शिखर सरळ पलंगावर येईल."

"इथं माझी आत्या राहते."

"त्यांना आता दिसतं का?"

खोटे काय होते त्यात? ताईने भिंतीची मापे शोधली, तर मूळ नकाशा भावाकडेच राहिलेला. सात वर्षांत तिने त्याला पहिले पत्र लिहिले. लिहिताना ती माझ्याच कट्ट्यावर बसली होती, म्हणून मला ठाऊक आहे. "सातव्या खोलीची चूक दुरुस्त करतो आहोत. खिडकी काढायची आहे. नकाशा पोस्टाने पाठव." खाली बराच वेळ पेन धरून राहिली, आणि नुसती सही केली.

गवंडी आला. तोच, म्हातारा झालेला. त्याने माझ्या उजव्या दाराची वरची बिजागरी सैल केली. दार एका बाजूला लोंबले आणि कण्हले. ताई आत्याचे कपडे गोळा करत होती, खालच्या खोलीत न्यायला. आत्या पलंगावर बसून विचारत होती, "कसला आवाज गं?"

"खिडकी काढतोय, आत्या. चुकीच्या बाजूला झालीये ना. भाऊची चूक."

"चूक? कसली चूक? त्याला काय ठाऊक, धुकं होतं. मला विचारून केलीये त्यानं."

ताईच्या हातातली घडी तशीच राहिली. "तुला विचारून?"

"मग? म्हणाला, सगळ्यांत बघण्यासारखं कुठल्या बाजूला. मी दाखवलं."

"आत्या, तो शिखराचं विचारत होता गं."

"शिखराचं?" आत्याला खरेच नवल वाटले. "ते काय बघायचं? ते रोज तिथंच असतं. कुठं जात नाही, कुठून येत नाही. माणूस येताना दिसला पाहिजे, पोरी. या फटीतून मी माझ्या बापाला येताना बघायचे. तुम्हा दोघांना सुट्टीला येताना बघायचे. याच्याहून बघण्यासारखं काय आहे या डोंगरात?"

ताई हळूच खाली बसली. मग गवंड्याला म्हणाली, "आज राहू द्या."

"उद्या येऊ?"

"सांगते."

पत्र गेले होते. ते परत बोलावता येत नाही. दुसरे लिहायला ती तीनदा बसली आणि तीनदा उठली. सात वर्षांपूर्वीचा शब्द कागदावर कसा मागे घ्यायचा, ते तिला येईना. मग तिने एक नेम धरला. रोज दुपारचे जेवण आटोपले, पाहुणे पहुडले, की वर येऊन आत्याशेजारी बसायचे आणि वाटेकडे बघायचे. आठ दिवस बसली. वळणावर मेंढ्या आल्या, टपालवाला आला, पण नकाशा आला नाही.

नवव्या दिवशी ऊन स्वच्छ होते. तावदानातल्या बुडबुड्यातून एक माणूस तरंगत आला. बगलेत कागदाची लांब गुंडाळी, डोक्यावर टोपी. तो वळणापाशी आला आणि थांबला. सपाट दगडावर बसला. वर बघितले नाही.

ताई उठून उभी राहिली. एवढ्या लांब हाक पोचली नसतीच.

"कोण आहे?" आत्याने विचारले.

"आत्या, तो वळणावर बसलाय."

आत्याने देवाचे नाव घेतले. मग अगदी सावकाश, लहान मुलाला शिकवावे तसे म्हणाली, "मग बघत काय बसलीस? कवडसा मार."

आरसा शोधायला वेळ कुठे होता? ताईने माझे सैल झालेले दार दोन्ही हातांनी धरले. धड बिजागरी असती तर ते एवढे वळले नसते. तिने ते पुढे केले, मागे केले, थोडे वर उचलले. पहाटेच्या फडक्याने लखलखीत झालेल्या माझ्या तावदानात सूर्य आला. कवडसा झुडपावर पडला, ओढ्यावरून घसरला, दगडावर चढला आणि त्याच्या टोपीवर थरथरला.

त्याने डोळ्यांवर हात धरला. वर पाहिले.

ताईने दार हलवतच ठेवले. हसत होती की रडत होती, ते मलाही कळले नाही. माझ्या काचेवर तिचा श्वास होता. आणि तो उठला, आणि खाली नाही, वर निघाला.

तेव्हा ताई जिन्यात गेली आणि सात वर्षांत पहिल्यांदा आत्यासारखी ओरडली, "आलोच! एक माणूस. पाणी ठेव. टोपी काढली नाही तर काही बोलू नकोस, लाजलाय."

"कुठली खोली द्यायची?"

"सात."

आलोच "आलोच" म्हणाला नाही. सरळ बादली घेऊन धावला.

भाऊ वर आला. दारात उभा राहून म्हणाला, "नकाशा आणलाय. पोस्टानं चुरगळला असता."

"ठेव तिकडं," ताई म्हणाली. "लागणार नाही आता."

एवढेच बोलले दोघे. आत्याने त्याला जवळ बसवले, त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि विचारले, "सुट्टी मिळाली का रे?"

त्याने ताईकडे पाहिले. मग म्हणाला, "मिळाली, आत्या."

"किती दिवसांची?"

उत्तर ताईनेच दिले. "भरपूर आहे."

माझी बिजागरी भाऊनेच बसवली, दोन स्क्रू घालून. जरा तिरकी बसली. मापे घेणाऱ्या माणसाचे काम, काय बोलावे! मोठी काच काही झाली नाही. आता पहाटेचे फडके ताईच्या हातात असते, आणि आत्या बुडबुड्याच्या तावदानावर बोट ठेवून विचारते, "आज कोण?" भाऊ तिला सांगतो. ती ऐकते आणि खोली ठरवते. तिचे अजून चुकत नाही.

म्हणून मित्रांनो, हिरमुसू नका. शिखर उद्याही असेल. ज्याने मला या भिंतीत उभे केले, त्याला दिशा चांगल्या कळत असाव्यात. तुम्ही मोठे व्हाल, घरे बांधाल. तेव्हा एक तरी खिडकी वाटेकडे ठेवा, आणि तिची काच रोज पुसा. कधी कोण वळणावर येऊन बसेल आणि वर बघावे की नाही याचा विचार करत राहील, सांगता येत नाही.